नारिंगी आकडे आणि एक पूर्ण मिनिट

बालरोगतज्ज्ञाच्या तपासणीच्या खोलीत घड्याळ असते ते पुढचा रुग्ण किती वाजता बोलावला आहे हे पाहण्यासाठी नव्हे. ते असते श्वास मोजण्यासाठी. खोकला आणि ताप घेऊन आलेल्या लहानग्याला न्यूमोनिया आहे किंवा कसे, याचा पहिला आणि सर्वांत स्वस्त पुरावा त्याच्या पोटाच्या वर-खाली होण्यात असतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक, ही जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मोजपट्टी आपल्यापैकी प्रत्येकाने पाठ केलेली आहे. तिला जोडलेली अट मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. ही मोजणी पूर्ण साठ सेकंद करावयाची असते. तान्ह्या बाळाचा श्वास तबल्याच्या ठेक्यासारखा नियमित नसतो. तो धावतो, थबकतो, पुन्हा धावतो. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले, की एका श्वासाची चूक चार श्वासांची होते, आणि ४८ चे ५२ होण्यास तेवढे पुरते.

डॉक्टर आणि सेकंद यांचे नाते तसे फार जुने नाही. सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने १७०७ मध्ये नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ वापरात आणल्याचे लिहून ठेवले. त्यापूर्वी नाडी ‘जलद’, ‘मंद’, ‘चंचल’ असे. विशेषणांच्या जागी आकडे आले ते घड्याळामुळे. अशा घड्याळाची आवश्यकता मला होतीच, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर सेकंदकाटा असलेले कोणतेही साधे भिंतीवरचे घड्याळ ती भागवू शकले असते. परंतु छंदाला आवश्यकतेचे केवळ निमित्त लागते. मला हवे होते निक्सी नळ्यांचे घड्याळ, आणि तेही स्वतःच्या हातांनी केलेले.

ज्यांनी ही नळी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. अंगठ्याएवढी काचेची कुपी. तिच्या आत तारेचे वळवून केलेले वा पातळ पत्र्यातून कापलेले ० ते ९ असे दहा आकडे एकामागे एक, एकमेकांना न शिकता रचलेले. त्यांच्यासमोर धातूची बारीक जाळी, म्हणजे धनाग्र. प्रत्येक आकडा हे एक स्वतंत्र ऋणाग्र. हवा काढून टाकून आत अत्यल्प दाबाने निऑन वायू भरलेला. जाळी आणि एखादा आकडा यांच्यामध्ये सुमारे १७० व्होल्टचा दाब दिला, की त्या आकड्याभोवतीचा निऑन पेट घेतो आणि आकड्याच्या अंगाला चिकटून नारिंगी प्रभा पसरते. तार तापत नाही, जळत नाही. उजळतो तो तिच्याभोवतीचा वायू. म्हणूनच हा उजेड बल्बासारखा डोळ्यांत जात नाही. समईच्या ज्योतीला आकड्याचा आकार यावा, तसा तो दिसतो.

हा निऑन १८९८ मध्ये लंडनला सर विल्यम रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी शोधला. ग्रीक भाषेत ‘निओस’ म्हणजे नवा, त्यावरून हे नाव. यातील ट्रॅव्हर्स म्हणजे पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झालेले तेच गृहस्थ. निऑनच्या जाहिरातींनी शहरे उजळली, परंतु त्याला आकडे लिहावयास लावले ते अमेरिकेत. बरोज कंपनीने १९५५ मध्ये या नळ्या बाजारात आणल्या. ‘निक्सी’ हे लाडिक नाव एका आराखड्यावर लिहिलेल्या ‘न्यूमेरिक इंडिकेटर एक्सपेरिमेंटल क्रमांक १’ या मथळ्याच्या आद्याक्षरांवरून पडले, असे सांगतात. पुढील पंधरा-वीस वर्षे प्रयोगशाळांतील मोजमापाची यंत्रे, टेबलावर ठेवावयाची अवाढव्य गणकयंत्रे, किरणोत्सर्ग मोजणारी उपकरणे या साऱ्यांचे आकडे याच नारिंगी उजेडात वाचले गेले. सत्तरच्या दशकात लाल एलईडी आले. पाच व्होल्टवर चालणारे, न फुटणारे, स्वस्त. सात काड्या जोडून आठ करावयाचा आणि त्यातील काही विझवून बाकीचे आकडे काढावयाचे, ही त्यांची रीत. व्यवहार म्हणून ती योग्यच होती. परंतु निक्सीच्या नळीत प्रत्येक आकडा आपापल्या वळणाने घडवलेला, पूर्ण असे. सात काड्यांच्या आकड्याला ती ऐट कधी आली नाही.

पश्चिमेत निर्मिती थांबली, तरी सोव्हिएत संघात ती जवळजवळ त्या देशाच्या अखेरीपर्यंत चालू राहिली. जगभरातील छांदिष्ट आज जी घड्याळे करतात, त्यांतील बहुतांश नळ्या त्या गोदामांतून बाहेर पडलेल्या आहेत. चेक प्रजासत्ताकात डालिबोर फार्नी या तंत्रज्ञाने काच फुंकण्यापासून सारे पुन्हा शिकून नव्या, मोठ्या निक्सी नळ्या हाताने करावयास आरंभ केला, आणि ती कला पूर्ण लोपली नाही. त्यांची किंमत मात्र आपल्यासारख्यांनी केवळ वाचावी अशी आहे. मी घेतल्या त्या ‘आयएन-१२’ जातीच्या, १९८० च्या दशकातील, अठरा मिलिमीटर उंचीचे आकडे असलेल्या आठ नळ्या. सहा वापरावयास आणि दोन राखीव. त्या युक्रेनमधील एका विक्रेत्याकडून २०२१ मध्ये आल्या. पुढील फेब्रुवारीत तेथे युद्ध सुरू झाले. कापसात गुंडाळलेली ती खोकी उघडताना मला ज्या हातांनी ती बांधली त्यांचा विचार करण्याचे कारण नव्हते. आता तो वारंवार येतो.

बाकीचे साहित्य इथलेच. इंदूरच्या महाराणी रोडवर बरेचसे मिळाले, उरलेले मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले. एका दुकानदाराने नळी उजेडात धरून बराच वेळ निरखली आणि म्हणाला, “डाक्साब, ये तो अजायबघर की चीज़ है, आप इसे घर में जलाओगे?”

घड्याळाची अंतर्रचना आपल्या शरीररचनेच्या चालीवर सांगता येईल. मेंदू म्हणजे एक छोटा मायक्रोकंट्रोलर, विद्यार्थी प्रकल्पांत वापरतात तोच, एटमेगा ३२८. त्याच्याकडून निघालेले संदेश तीन शिफ्ट रजिस्टरांतून सहा चालक चकत्यांकडे जातात. या चकत्या, ‘के१५५आयडी१’, याही सोव्हिएत बनावटीच्या; टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ७४१४१ या चकतीची ही रशियन आवृत्ती. पाच व्होल्टच्या कुजबुजीवर १७० व्होल्टचा आकडा उजळवणे हे त्यांचे काम. एका नळीला एक चकती. आणि हृदय म्हणजे बारा व्होल्टचे १८० व्होल्ट करणारा छोटासा पंप. तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहू द्यावयाचा आणि तो अकस्मात तोडावयाचा. वेटोळे त्या तोडण्याला विरोध करताना दाब उसळवते, तो एका डायोडमधून कपॅसिटरमध्ये साठवावयाचा. ही उघडझाप सेकंदाला हजारो वेळा चालते. प्रत्येक नळीच्या वाटेत एक रोध ठेवणे अनिवार्य असते, कारण पेटलेला निऑन मिळेल तेवढा प्रवाह गिळत सुटतो. नळीवर सुमारे १४० व्होल्ट खर्ची पडतात, उरलेले ४० व्होल्ट वीस किलोओहमच्या रोधावर. म्हणजे प्रवाह २ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. सहा नळ्या मिळून सव्वादोन वॉटदेखील लागत नाहीत.

आता वेळेचा प्रश्न. घड्याळ वेळ कोठून आणते? पूर्वीची अनेक विजेची घड्याळे ती थेट भिंतीतल्या पुरवठ्यातून घेत. सेकंदाला पन्नास आवर्तने मोजली की झाला एक सेकंद. आपल्याकडे ही युक्ती चालवून घेणे कठीण. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेची विद्युत्-जाळी उर्वरित भारताशी जोडली गेली आणि साऱ्या देशाची वारंवारिता एक झाली हे खरे. परंतु तिला ४९.९० ते ५०.०५ एवढी मुभा आहे. दिवसभर ती ४९.९० वर राहिली, तर घड्याळ एका दिवसात जवळजवळ तीन मिनिटे मागे पडेल.

म्हणून क्वार्ट्झ. आणि इथे आपल्या पिढीच्या डॉक्टरांना एक जुनी ओळख निघेल. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत आपण काजळी धरलेल्या कागदावर बेडकाच्या स्नायूचे आकुंचन उमटवीत असू. त्या आलेखाखाली काळाची रेघ काढण्यासाठी सेकंदाला शंभर कंपने करणारा नादकाटा धरावा लागे. हात थरथरला की नागमोडी रेघ बिघडे आणि शिक्षक पुन्हा ड्रम काजळण्यास पिटाळीत. घड्याळातील क्वार्ट्झचा स्फटिक हा नेमका तसाच दोन पायांचा नादकाटा असतो, एका लहानशा नळकांडीत मावणारा. फक्त तो सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो. ही संख्या लहरी नव्हे. दोनाला दोनाने पंधरा वेळा निम्मे करीत जावे तशी ती पंधरा वेळा निम्मी केली की नेमके एक उरते, आणि तो आपला सेकंद. साधा स्फटिक तापमानानुसार किंचित भरकटतो. मी घेतलेली ‘डीएस३२३१’ ही चकती स्वतःचे तापमान मोजून ती चूक सावरते. दहा लाखांत दोन एवढीच तिची त्रुटी, म्हणजे वर्षाला फार तर मिनिटभर. इंदूरच्या मे महिन्यातही तिने मला निराश केलेले नाही.

एक विषयांतर करतो, वाचकांनी सांभाळून घ्यावे. आमच्यापासून जेमतेम पंचावन्न किलोमीटरवर उज्जैन आहे. भारतीय ज्योतिषाने शून्य रेखांश धरला तो तिथला. सूर्यसिद्धान्तातील कालगणनेत सर्वांत लहान व्यावहारिक एकक कोणते? ‘प्राण’. सहा प्राणांचे एक पळ, साठ पळांची एक घटिका, साठ घटिकांचा अहोरात्र. हिशेब केला की एक प्राण चार सेकंदांचा भरतो, म्हणजे मिनिटाला पंधरा. निरोगी, स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचा हा श्वास! आपण घड्याळ लावून श्वास मोजतो. त्यांनी श्वास लावून काळ मोजला. आमच्या तान्ह्या रुग्णांना मात्र हे एकक लागू नाही. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा प्राण एका सेकंदाचा झाला, की आम्ही त्याला दाखल करून घेतो.

असो. विद्युत्-जोडणीचे माझे गुरू म्हणजे आमच्याकडील एक वयोवृद्ध रेडिओ दुरुस्त करणारे काका. व्हॉल्व्हच्या रेडिओंत त्यांची उमेद गेलेली. त्यांनी पहिला पाठ दिला तो एकाच वाक्याचा: “डॉक्टरसाहेब, १८० व्होल्ट चालू असताना तुमचा डावा हात खिशात हवा.” एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा प्रवाह वाटेत हृदयाला भेटतो, हे शास्त्र आपण पुस्तकांतून शिकलो, काका ते खिशातून शिकवीत होते. एक मिलिअँपिअर जाणवतो, दहाच्या पुढे हात सुटेनासा होतो, शंभराच्या आसपास छातीतून गेला तर हृदयाची लय मोडते. माझ्या पंपाच्या कपॅसिटरमध्ये साठणारी ऊर्जा जेमतेम ०.०८ ज्यूल, तर दहा किलोच्या मुलाला शॉक देताना आपण वीस ज्यूलपासून आरंभ करतो. तुलनेने हा साठा किरकोळ. तरीही घड्याळ बंद केल्यावर तो तसाच राहू नये, म्हणून त्याच्यावर एक मोठा रोध कायमचा जोडला आहे. दहा-बारा सेकंदांत सारे निवते. मुख्य २३० व्होल्टचा पुरवठा पेटीत येतच नाही. बाहेरचा अ‍ॅडॅप्टर बारा व्होल्ट देतो, तेवढेच आत जातात.

येथवर आलेला वाचक म्हणेल की हे सारे कोणताही छांदिष्ट करील. खरे आहे. परंतु हे घड्याळ जेथे लावावयाचे होते त्या खोलीत रोज दोन वर्षांची, हाताला लागेल ते तोंडात घालणारी मंडळी येतात. त्या दृष्टीने मी साहित्याची यादी पुन्हा वाचली आणि मला ती एखाद्या विषबाधेच्या प्रकरणासारखी दिसू लागली. सोल्डरमध्ये शिसे. नळ्यांचे आयुष्य वाढावे म्हणून त्यांत अनेकदा घातलेला पाऱ्याचा अंश. जाळीवर १८० व्होल्ट. आणि सर्वांहून भयंकर वस्तू, दिसावयास सर्वांत निष्पाप: वेळ राखणाऱ्या चकतीच्या पाठीवर बसवलेला, वीस मिलिमीटर व्यासाचा, तीन व्होल्टचा लिथियमचा बटणसेल.

शिशाचे उत्तर सोपे होते. मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये आपली संदर्भ-पातळी डेसिलीटरला ३.५ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली ती त्यामुळेच. शिसेविरहित सोल्डर वितळण्यास चाळीसएक अंश अधिक तापमान लागते आणि त्याचा सांधा दिसावयास मळकट येतो. तो मळकटपणा मी पत्करला. काम गच्चीवरील खोलीत, जेवणाच्या टेबलावर कदापि नाही.

बटणसेलचे उत्तर मात्र एवढे सोपे नव्हते, आणि त्याबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण ही स्मरणिका डॉक्टरांइतकीच त्यांच्या घरातील आजी-आजोबाही वाचतात.

काही वर्षांपूर्वी चौदा महिन्यांचा एक मुलगा माझ्याकडे आला. आदल्या संध्याकाळपासून लाळ गळत होती, दूध नाकारीत होता. क्ष-किरण चित्रात छातीच्या वरच्या भागात एक गोल सावली दिसली. पाहताक्षणी नाणे वाटावी अशी. परंतु कडेला बारकाईने पाहिले तर वर्तुळाच्या आत आणखी एक वर्तुळ होते. नाण्याला अशी दुहेरी कड नसते. रिमोटमधील बटणसेल होता तो. दुर्बिणीने तो निघाला, पण तोवर अन्ननलिका भाजलेली होती, आणि पुढील आठ महिने तिचा आकस रुंदावण्यासाठी त्या बाळाला पुनःपुन्हा भूल द्यावी लागली. आज तो पोळी-भाजी खातो. सगळ्यांच्या वाट्याला एवढे येत नाही.

अनेकांचा समज असा, की सेल फुटतो, आतील रसायन गळते आणि त्याने इजा होते. वास्तविक सेल अखंड असतानाच घात करतो. ओल्या अन्ननलिकेत अडकताच त्याच्या दोन बाजूंमध्ये लाळेतून प्रवाह सुरू होतो, ऋण बाजूपाशी हायड्रॉक्साइड तयार होऊ लागते, आणि अवघ्या दोन तासांत तेथील ऊती खोलवर जळते. घड्याळ चालवण्यास निकामी झालेल्या सेलमध्येही एवढे करण्यापुरता जोर उरलेला असतो. सेल काढल्यानंतरही दाह पुढे सरकत राहू शकतो. काही मुलांत तो दिवसांनी, आठवड्यांनी महाधमनीपर्यंत पोचून प्राणघातक रक्तस्राव झालेला आहे. अमेरिकेत अशाच एका चिमुकलीच्या मृत्यूनंतर २०२२ मध्ये बटणसेलचे कप्पे मुलांना उघडता येऊ नयेत यासाठी तिच्या नावाचा कायदा झाला.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांसाठी एवढेच. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी सकाळची वाट पाहू नये. ज्या रुग्णालयात दुर्बिणीची सोय आहे तेथे तत्काळ निघावे. उलटी करवू नये. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळता येत असेल आणि बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, सहा वेळांपर्यंत. हा आजीच्या बटव्यातला उपाय नव्हे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत मधाने इजा लक्षणीय कमी झाल्याचे दिसले, त्यावरून तो मार्गदर्शनात आला. मध शोधत घरात मात्र थांबू नये. एक वर्षाच्या आत मध वर्ज्य, हे आपण सर्व जाणतोच.

आता असा सेल मी माझ्या खोलीतील घड्याळात कसा ठेवावा? त्यात आणखी एक गोम होती. डीएस३२३१ ची जी तयार पट्टी बाजारात सर्वत्र मिळते, तिच्यावर बॅटरी चार्ज करणारा एक डायोड आणि रोध बसवलेला असतो. तो पुन्हा भरता येणाऱ्या सेलसाठी. दुकानांत मात्र त्या जागी बिनदिक्कत साधा ‘सीआर२०३२’ बसवून देतात. साध्या लिथियम सेलला असे सतत चार्ज करणे म्हणजे त्याला फुगण्याचे, फुटण्याचे निमंत्रण. बरेच जण तो रोध उपटून टाकतात.

मी रोध ठेवला आणि सेलच हद्दपार केला. त्याच्या जागी एक फॅरडचा सुपरकपॅसिटर बसवला. जी चार्जिंगची वाट सेलला घातक होती, तीच याला हवी होती. वीज गेल्यावर ती चकती वेळ राखण्यासाठी सुमारे ३ मायक्रोअँपिअर घेते. कपॅसिटर ४.३ व्होल्टपर्यंत भरतो, चकती २.३ व्होल्टपर्यंत जिवंत राहते. म्हणजे दोन कूलॉम हाताशी. कागदावर हा हिशेब साडेसात दिवसांचा येतो. कपॅसिटरची स्वतःची गळती धरून मी तो निम्म्याहून कमीच समजतो. गतवर्षी दिवाळीत दवाखाना दोन दिवस बंद असताना मुख्य बटण बंदच होते. परतल्यावर घड्याळ बरोबर होते. सेल बदलण्याची कटकट गेली हा वरकड लाभ.

पेटी सागवानाची, समोर जाड अ‍ॅक्रिलिक, मागे चार स्क्रू. सहा फुटांवर टांगली आहे. नळी फुटून खाली काही पडण्याची वाट ठेवलेली नाही.

मोजणीसाठी एक सोय मुद्दाम केली. श्वास मोजताना डॉक्टरचे डोळे बाळाच्या पोटावर हवेत, घड्याळावर नव्हेत. दोन्हीकडे पाहू गेले की एखादा श्वास निसटतो. म्हणून टेबलाखाली पायाने दाबावयाचे बटण आहे. ते दाबले की सेकंदाचे आकडे शून्यापासून धावू लागतात आणि बरोबर साठाव्या सेकंदाला सहाही नळ्या अर्धा सेकंद विझतात. डोळ्याच्या कोपऱ्याला आकडा वाचता येत नाही, पण उजेड गेलेला तत्काळ कळतो. प्रथम मी गजराचा आवाज योजला होता. त्याने झोपलेले बाळ दचकते, आणि दचकलेल्या बाळाचा श्वास पुन्हा मोजावा लागतो. अंधार बरा.

एक अनपेक्षित परिणाम असा झाला की आईबापही आता मिनिटभर गप्प राहतात. पूर्वी माझी मोजणी चालू असताना त्यांचे प्रश्न चालूच असत. आता तेही आकड्यांकडे पाहत बसतात, आणि मोजणी चालू आहे हे त्यांना न सांगता समजते. माझ्याकडे शिकावयास येणाऱ्या तरुण डॉक्टरांनाही आकडे विझेपर्यंत हलता येत नाही, हे मला विशेष आवडते.

मोठी मुले वेगळेच पाहतात. आकडे एकामागे एक असल्यामुळे बदलताना ते पुढे-मागे उडी घेतात. ‘आत किती आकडे राहतात?’ हा नेहमीचा प्रश्न. दुसरीतल्या एका मुलाने, घशात पाहू देण्याचे टाळण्यासाठी का होईना, बराच वेळ निरीक्षण करून मला सांगितले, “डॉक्टरकाका, तुमचा पाच खोटा आहे. तो उलटा टांगलेला दोन आहे.” अगदी खरे. या जातीच्या नळ्यांत कारखान्याने पाचासाठी वेगळा साचा केलाच नाही. दोनचाच तुकडा उलटा बसवला. अनेक प्रौढ पाहुण्यांनी हे घड्याळ वाखाणले आहे, पण हे त्यांच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलेले नाही.

या नळ्यांना एक व्याधी जडते, तीही सांगतो. एखादा आकडा फार काळ उजळलाच नाही, तर शेजारच्या पेटत्या आकड्यांवरून उडालेले धातूचे कण त्याच्या अंगावर बसत जातात. मग कधी काळी त्याला पेटवले, की तो ठिकठिकाणी काळाच राहतो. तासांच्या दशकाची नळी पाहा: चोवीस तासांच्या घड्याळात तिला ०, १ आणि २ एवढेच लागतात. उरलेले सात आकडे वापराविना रोगट होत जातात; अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या स्नायूंची आठवण यावी अशी गत. उपचारही तोच, व्यायाम. म्हणून मी प्रोग्रॅममध्ये अशी योजना केली आहे की रोज पहाटे दोन वाजता, पंधरा मिनिटे, सहाही नळ्यांतील सर्व आकडे भराभर फिरत राहतात. चारेक वर्षांत एकही आकडा काळवंडलेला नाही, आणि राखीव दोन नळ्या अजून कापसातच आहेत.

या व्यायामाची कल्पना आमच्या रात्रीच्या चौकीदाराला मात्र कोणी दिलेली नव्हती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी तो अत्यंत गंभीर चेहऱ्याने माझ्यापुढे उभा राहिला. “डाक्साब, रात को दो बजे घड़ी पगला जाती है.” मी त्याला बसवून सारा प्रकार समजावला. त्याने तो पूर्ण ऐकून घेतला, मान डोलावली, आणि आता तो रोज दोन वाजता खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसतो, असे सकाळची सिस्टर सांगते.